खात्यात काय ही माणसं?

नव्या यंत्रावर लिनक्स टाकून झालं, की मी आधी सेटिंगच्या एका ओळीतले दोन शब्द खोडते. यंत्र सुरू होत असताना आत काय चाललंय ते दाखवू नकोस, त्याऐवजी एखादं शोभेचं चित्र लाव, असं सांगणारे ते शब्द. ते गेले की बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर करड्या ओळी धावत सुटतात. प्रोसेसर सापडला, रॅम इतकी, डिस्क अमुक, कीबोर्ड आहे, वायफायची चिप आहे पण तिला लागणारी फाइल नाही. शाळेत बाई हजेरी घेतात तसं काहीसं. अर्ध्या ओळी वाचायच्या आत वर निघून जातात आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच मला कळत नाहीत. तरी मी बघत बसते. यंत्र जागं होताना आपण समोर असावं, एवढंच.

या ओळींच्या रंगावरून घर ओळखता येतं. लिनक्सच्या करड्या. नेटबीएसडी या दुसऱ्या सिस्टीमच्या कर्नलची, म्हणजे गाभ्याची, अक्षरं काळ्यावर हिरवी, ओपनबीएसडी या तिसरीची निळ्यावर पांढरी. ओपनबीएसडीची मंडळी तर विनंती करतात, की ही सगळी नोंद आम्हाला ईमेलनं पाठवा, कुठल्या कुठल्या यंत्रांवर आमची सिस्टीम चालते ते आम्हाला कळू द्या. मी पाठवली आहे. उत्तराची अपेक्षा नव्हती आणि ते आलंही नाही. लिनक्समध्ये एके काळी ओळींच्या डोक्यावर पेंग्विन दिसत. लॅरी युइंगनं १९९६ मध्ये काढलेला तोच गुबगुबीत पेंग्विन. यंत्रात जितके प्रोसेसर, तितके शेजारी शेजारी बसलेले. एकच प्रोसेसर असलेल्या जुन्या यंत्रावर तो एकटाच असायचा, आणि मला तो तसाच जास्त आवडायचा. आता बहुतेक ठिकाणी त्याला काढून टाकलंय.

इतक्या तऱ्हेचे पडदे बघायला मिळतात याचं कारण पुण्याचा जुना बाजार. बुधवारी नाहीतर रविवारी तिथे गेलं की रिकाम्या हातानं परतणं मला जमत नाही. लोखंडी कढया, पितळी समया, पाने-पकडी, गंजलेली कुलपं, आणि त्यातच कुठेतरी पालथा पडलेला लॅपटॉप. विकणारा म्हणतो, "चालू आहे ताई, फक्त चार्जर नाही." हे वाक्य सगळ्यांचं सारखंच असतं. घरी आणून चार्जर जोडला की कधी दिवा लागतो, कधी लागत नाही. लागला, तर मग खरा विचार सुरू होतो, की आता याच्यावर काय घालायचं?

माझ्या लहानपणी हा प्रश्न कुणाला पडतच नसे. संगणक जे घेऊन येई तेच त्यात असे. दादाच्या कपाटात पीसीक्वेस्ट मासिकाचे अंक होते आणि त्यांच्याबरोबर आलेल्या लिनक्सच्या सीडीही. त्या सीडींकडे आम्ही जरा जपूनच बघायचो. घातली तर आधीचं सगळं पुसलं जातं, असा तिचा लौकिक होता. पुढे २००४ नंतर उबुंटूची लाट आली. पत्ता लिहून पाठवायचा आणि विसरून जायचं. काही आठवड्यांनी पोस्टमन पाकीट आणून द्यायचा. आत छापील कव्हरातली सीडी आणि चिकटवायचे स्टिकर. पैसे नाहीत, पोस्टेज नाही. २०११ मध्ये ती योजना बंद झाली, पण हॉस्टेलच्या दारांवर ते स्टिकर पुढे कितीतरी वर्षं होते. सिस्टीम न वापरणाऱ्यांच्या दारांवरही.

"सगळ्यात चांगली कुठली?" असं लोक विचारतात. त्यांना एकच नाव हवं असतं. मी यंत्राचं वय विचारते, आणि सकाळी उठून त्यावर पहिल्यांदा काय उघडता ते विचारते. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या लॅपटॉपवर एके दिवशी संदेश आला, की तुमच्या सिस्टीमची मुदत संपत आली आहे आणि पुढची आवृत्ती या यंत्रावर चालणार नाही. लॅपटॉप धडधाकट होता. कीर्तनाचे व्हिडिओ, मुलाशी बोलणं, बँकेचं पासबुक, एवढाच त्याचा संसार. मी त्यावर लिनक्स मिंट घातलं. काकूंनी पडदा न्याहाळला, आणि पत्त्यांचा खेळ कुठे आहे, एवढंच विचारलं. तो होता. विषय संपला. या विषयावर पानंच्या पानं भांडणाऱ्यांना काकूंसमोर तासभर बसवायला हवं, असं मला कधी कधी वाटतं.

माझ्या स्वतःच्या नव्या यंत्रावर डेबियन आहे. ती कंटाळवाणी सिस्टीम आहे, आणि माझ्या लेखी तो गुण आहे. इयन मर्डोकनं १९९३ मध्ये, विद्यार्थी असताना, ती सुरू केली. डेब्रा या मैत्रिणीचं नाव आणि आपलं नाव जोडून त्यानं तिचं नाव ठेवलं. नातं पुढे टिकलं नाही, तोही २०१५ मध्ये गेला, नाव मात्र जगभरच्या सर्व्हरांत बसलं आहे. डेबियनला राज्यघटना आहे, दरवर्षी निवडणुकीनं नेता ठरतो, मतमोजणीची पद्धत आपल्याकडच्या निवडणुकीपेक्षा बरीच किचकट आहे. आणि एवढं सगळं गंभीर असून आवृत्त्यांची नावं 'टॉय स्टोरी' या कार्टूनपटातल्या खेळण्यांवरून, कारण सुरुवातीच्या नेत्यांपैकी ब्रूस पेरेन्स तेव्हा पिक्सारमध्ये नोकरीला होता. कायम कच्च्या अवस्थेत असलेल्या आवृत्तीचं नाव सिड. सिनेमात खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. ज्यांना रोज नवं काहीतरी हवं असतं ते सिडच्या घरी राहतात. मी दोन वर्षांनी एकदा घर आवरणाऱ्यांतली.

खरी परीक्षा जुन्या यंत्राची. जुन्या बाजारातून आणलेला माझा एक थिंकपॅड आहे, पेंटियम एम प्रोसेसरचा, म्हणजे २००३-०४ च्या सुमाराचा. पडदा जवळपास चौकोनी, कळा खोल आणि दमदार. एका कळीवर बोट ठेवलं की ती खाली जाऊन वर येईपर्यंत पुढचं अक्षर मनात तयार होतं. यावर नुसतं लिहायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. पण सिस्टीम कुठली? या पिढीतल्या काही पेंटियम एममध्ये एक गंमत आहे. पीएई नावाची एक क्षमता त्यांच्या अंगात आहे, पण विचारलं तर ते ती सांगत नाहीत. लिनक्स विचारतं, प्रोसेसर गप्प राहतो, लिनक्स म्हणतं मग मी चालणार नाही. तेव्हा सुरुवातीलाच 'फोर्सपीएई' असा हुकूम द्यावा लागतो, की तो बोलत नसला तरी त्याला येतं, तू चालू लाग. कर्नल चालू लागतो, आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो, की हे नियमाबाहेरचं आहे. अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी मात्र असा हुकूम द्यायची सोय नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनची तेरावी आवृत्ती आली आणि त्यात ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नव्हता, कर्नलही नव्हता. त्या सुमाराला फायरफॉक्सनंही ३२-बिट लिनक्सची साथ सोडली. माझा थिंकपॅड आदल्या रात्री जसा होता तसाच दुसऱ्या दिवशीही होता. एक स्क्रू हलला नव्हता. फक्त कुठल्याशा यादीतून त्याचं नाव गेलं होतं. यंत्र म्हातारं होतं ते लोखंडामुळे नव्हेच, ते या याद्यांमुळे. आणि याद्या करणाऱ्यांना दोष तरी कसा द्यायचा? ज्या यंत्रावर कुणी चाचणी घेत नाही, ज्याच्या चुका दुरुस्त करायला कुणी पुढे येत नाही, त्याचं नाव ठेवून खोटं आश्वासन कशाला द्या? लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्स लिहिलं ते ३८६ प्रोसेसरच्या पीसीवर, त्याच प्रोसेसरसाठी. २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीतून ३८६ ची गच्छंती झाली. ज्या पाटावर जन्म झाला तो पाट अडगळीत गेला, आणि लिनसला त्याचं सुतक नव्हतं. मला थोडं झालं.

मग मी नेटबीएसडीकडे वळले. ही मंडळी वेगळ्या मातीची. १९७७ मध्ये बाजारात आलेल्या, कपाटाएवढ्या व्हॅक्स यंत्रांपासून सुरू झालेल्या घराण्यावर त्यांची सिस्टीम आजही चालते. अमिगावर चालते, अटारीवर चालते, सेगाच्या ड्रीमकास्ट या खेळाच्या डब्यावर चालते. २००५ मध्ये एका कंपनीनं नेटबीएसडीवर चालणारा टोस्टर करून दाखवला होता. व्हॅक्स कोण वापरतं, असा प्रश्न त्यांना विचारायचा नसतो. कुणीतरी वापरतं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुधा दुरुस्ती करणारेच. थिंकपॅडवर ती हिरवी अक्षरं उमटली तेव्हा फार बरं वाटलं. पीएईबद्दल त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही.

पण मला मराठीत लिहायचं होतं, आणि हिरव्या अक्षरांच्या त्या पडद्यावर मराठी म्हणजे नुसते चौकोन. देवनागरीचं काम नुसत्या अक्षरांवर भागत नाही. ऱ्हस्व इकार टाइप होतो नंतर आणि बसतो आधी, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, 'क्ष' होताना 'क' आणि 'ष' दोघांनाही आपला आकार सोडावा लागतो. ही जुळवाजुळव करणारा एक वेगळा कारागीर लागतो; आज बहुतेक मुक्त सिस्टीमांत ते काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि समोर दिसतो तो बऱ्याचदा लोहित फॉण्ट, ज्याच्यावर रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात काम झालं. डॉसच्या काळात तर याच कामासाठी यंत्रात आणखी एक कार्ड बसवावं लागे. आयआयटी कानपूरमध्ये सुरुवात झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं ते जिस्ट कार्ड. भाषा म्हणजे हातात धरता येणारी हिरवी पट्टी होती तेव्हा. माझ्या थिंकपॅडवर मी शेवटी खिडक्यांचा पडदा घातला, अगदी साधा, एक घड्याळ आणि एक लिहायची चौकट असलेला. हा निबंध त्यावरच चालला आहे. इंटरनेट त्यावर मी उघडत नाही. सिस्टीम कितीही हलकी घाला, आजची वेबपानं तिला पाच मिनिटांत धाप लावतात.

मधे एकदा हायकूही घालून पाहिली. बीओएस नावाची एक देखणी सिस्टीम होती, तिची कंपनी २००१ मध्ये पामला विकली गेली, आणि ज्यांना ती आवडायची त्यांनी ती पहिल्यापासून स्वतः लिहायला घेतली, तीच हायकू. २०२४ मध्ये त्यांची पाचवी बीटा आवृत्ती आली. पहिली पक्की आवृत्ती अजून व्हायची आहे. मूळ बीओएसच्या ब्राउझरमध्ये पान उघडलं नाही, की त्रुटीचा संदेश हायकू कवितेत येई. पान मिळालं नाही याचं दुःख तीन ओळींत. एवढ्यासाठी एखाद्या सिस्टीमवर जीव जडला तर मला ते रास्त वाटतं.

मामांचं यंत्र मात्र कुठल्याच हौसेत बसत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत आहे. नव्वदच्या दशकात एका ओळखीच्या मुलानं त्यांना क्लिपरमध्ये हिशोबाचा प्रोग्रॅम लिहून दिला. निळा पडदा, पिवळी अक्षरं, माउस नाही. तो मुलगा पुढे कुठे गेला कुणाला माहीत नाही. प्रोग्रॅम आहे. त्यात 'राजापुरी' रोमन अक्षरांत लिहिली जाते, पोत्यांचा आकडा, वजन, भाव, तोलाई, हमाली, अडत, आणि एंटर मारला की डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किंचाळत पट्टी काढतो. मधे कार्बन, एका दणक्यात तीन प्रती. नवा गुळगुळीत प्रिंटर हे करू शकत नाही, आणि मामांचा सगळा युक्तिवाद तेवढाच आहे. २०१९ च्या महापुरात दुकानातलं पहिलं काही माडीवर गेलं असेल तर ते हे यंत्र, चोपड्या नंतर.

गेल्या दिवाळीत त्याची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. मी डिस्कवरचा सगळा ऐवज आधी उतरवून घेतला, तिच्या जागी कॅमेऱ्यात घालतात तसलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड एका छोट्या जोडपट्टीवर बसवलं, आणि त्यावर फ्रीडॉस घातली. मूळ डॉसच्या फ्लॉप्या कधीच बुरसटून गेल्या होत्या. फ्रीडॉस १९९४ मध्ये जिम हॉल या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यानं सुरू केली. डॉसचे दिवस संपत आले अशा बातम्या येत होत्या आणि त्याला डॉस आवडत होती, इतकं साधं कारण. पहिली पक्की, १.० आवृत्ती यायला २००६ उजाडलं. १.४ आली २०२५ मध्ये. आपल्याकडे फ्रीडॉस हजारो घरांत येऊन गेली आहे, पण तिची कुणाशी ओळख झालेली नाही. दुकानात स्वस्तातला 'डॉसवाला लॅपटॉप' मिळायचा, त्यात हीच असायची, आणि त्याच संध्याकाळी पुसली जायची. मामांच्या दुकानात तिला पहिल्यांदा खरं काम मिळालं असावं.

कार्डावरून यंत्र सुरू झालं, निळा पडदा आला, पट्टी निघाली. मामांनी ती दिव्याखाली धरून बेरीज तपासली. मग म्हणाले, "किती द्यायचे याचे?"

"काही नाही, मामा. फुकट आहे."

"चोरीची न्हाई न्हवं?"

"नाही हो. ज्यांनी केली तेच वाटतात."

मामा गप्प झाले. चाळीस वर्षं सौद्यांत काढलेला माणूस. समोरच्याच्या बोलण्यात वजन किती आणि ओल किती ते त्यांना लगेच कळतं. "फुकट वाटत्यात," ते म्हणाले, "मग खात्यात काय ही माणसं?"

मी काहीतरी सांगितलं. नोकऱ्या करतात, रात्री बसून हे करतात, असं. पण पुण्याला येताना एसटीत तो प्रश्न डोक्यातून जाईना. काही जण पोटभर खातात. रेड हॅट याच फुकट वाटायच्या मालावर उभी राहिली, आणि २०१९ मध्ये आयबीएमनं ती ३४ अब्ज डॉलरना घेतली. आणि दुसरीकडे ओपनबीएसडी. तिच्या माणसांनी १९९९ मध्ये ओपनएसएसएच केलं, ज्याच्या आधारानं आज बहुतेक ठिकाणी एका यंत्रातून दुसऱ्यात सुरक्षित शिरलं जातं. विंडोजमध्ये ते आहे, ॲपलमध्ये आहे, बँकांच्या सर्व्हरमध्ये आहे. त्याच ओपनबीएसडीवर २०१४ च्या जानेवारीत वीजबिलासाठी हात पसरायची वेळ आली होती. कॅलगरीत सर्व्हर चालू ठेवायचे तर २० हजार डॉलर हवे होते, नाहीतर दिवे मालवा. पैसे जमले. ते काम ज्यांच्या रोजच्या उपयोगाचं होतं, त्यातल्या कित्येकांना अशी वेळ आल्याचं कळलंही नसेल.

२०२४ च्या मार्चमधली गोष्ट याहून अंगावर येणारी. फायली दाबून लहान करणारी एक्सझेड ही छोटी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती सांभाळणारा माणूस मुख्यतः एकटा, थकलेला. त्याच्या मदतीला एक अनोळखी नाव आलं, दोन-अडीच वर्षं गोडीनं काम केलं, विश्वास मिळवला, आणि मग हळूच एक चोरदरवाजा आत बसवला. तो सापडला तो योगायोगानं. आंद्रेस फ्रॉयंड या अभियंत्याला आपलं लॉगिन नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त घेतंय असं जाणवलं, आणि त्यानं तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. अर्धा सेकंद! आपण एवढा वेळ कशाकशात घालवतो. मामा असते तर त्यांनीही सोडला नसता. पोत्यामागे पाव किलोचा फरक त्यांना नुसत्या हातानं कळतो.

तेव्हापासून कुणी 'कुठली सिस्टीम घेऊ' म्हणून विचारलं की मला वेग, रंग, सोय यांच्या आधी ती माणसं आठवतात. आपण खरं तर त्यांचा स्वभाव निवडत असतो. कुणी घटना लिहून, मतदान घेऊन चालणारे, कुणी व्हॅक्सचं नाव यादीतून काढायला तयार नसलेले, कुणी आपलंच पहिलं यंत्र डोळ्यात पाणी न आणता टाकून देणारे. त्यांचा हट्ट जितकी वर्षं टिकेल तितकी वर्षं माझं यंत्र तरुण. त्यांच्यातला कोण आजारी आहे, कुणाची नोकरी गेली आहे, कुणाचं मन उडालं आहे, यातलं मला काहीच दिसत नाही. मला फक्त दर काही महिन्यांनी एक आवृत्ती आलेली दिसते.

मामांना मात्र मी सगळं सांगितलं, फोनवर, वीजबिलासकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी त्यांना खूश करायला एक गोष्ट सांगितली. जुन्या ३२-बिट सिस्टीमांमधलं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला भरून जाणार आहे. सेकंद मोजायला जागाच उरणार नाही, काळजी न घेतलेली यंत्रं थेट १९०१ सालात जाऊन पडतील. नेटबीएसडीनं त्याची तजवीज २०१२ मध्येच केली, लिनक्सला २०२० उजाडलं. आणि तुमची डॉस, मामा, ती सेकंद मोजतच नाही, तिचं कॅलेंडर तारखांचं आहे, ते २०९९ पर्यंत चालतं. तुम्हाला काळजीच नाही.

मामा हसले नाहीत. "२०९९?" ते म्हणाले. मागे हमालांचा आवाज येत होता. "रिबन मिळंल का तवर?"

रिबनचा विचार मी केला नव्हता. परवा तपकीर गल्लीत चार दुकानांत विचारून आले. दोघांनी नाही म्हटलं, एकानं मॉडेल नंबर लिहून घेतला, आणि चौथ्यानं माळ्यावरून एक खोका खाली काढला. आतली पाकिटं कधीची आहेत ते त्यालाही सांगता येईना. मी अर्धा खोका घेतला. सांगलीच्या गाडीनं पाठवून दिला आहे. शाई अजून ओली आहे की नाही, ते मामा सोमवारच्या सौद्यानंतर कळवतो म्हणालेत.